एक खोली, दहा संगणक

संगणक हे आजच्या शिक्षणाचे महत्त्वाचे साधन आहे. परंतु संगणक विकत आणणे आणि त्याला सुरक्षितपणे वीज पुरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या खोलीत, थोड्या सॉकेटांवर अनेक संगणक चालवताना कोणते धोके असतात आणि ते कसे टाळावेत, याची माहिती या पाठात दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत संगणकांची खोली आहे ना? उद्या शाळेत गेल्यावर एक काम करा. आधी त्या खोलीतले संगणक मोजा. मग भिंतीवरची सॉकेटे मोजा. पुष्कळ शाळांत संगणक जास्त आणि सॉकेटे कमी, असेच दिसून येते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्या अनेक शाळांच्या इमारती जुन्या आहेत. त्या बांधल्या गेल्या, तेव्हा वर्गात वीज लागत असे ती दोन पंख्यांना आणि तीन-चार दिव्यांना. एखादे सॉकेट असे, तेही कधीतरी ध्वनिक्षेपक लावण्यापुरते. भारतात १९८४ साली केंद्र शासनाच्या योजनेतून निवडक शाळांमध्ये संगणक येऊ लागले. २००४ साली शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाची मोठी योजना सुरू झाली. हळूहळू संगणक गावोगावच्या शाळांत पोहोचले. पण भिंतीतल्या वायरी मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच राहिल्या.

मग लोक काय करतात? बाजारातून एक्स्टेंशन बोर्ड आणतात. एका सॉकेटाची चार सॉकेटे होतात. तीही अपुरी पडली, की त्या बोर्डात दुसरा बोर्ड खोचतात आणि दुसऱ्यात तिसरा. आता दहाही संगणकांना जागा मिळते. बटणे दाबली की दहाही पडदे उजळतात. सगळ्यांना वाटते, काम झाले.

पण काम झालेले नसते. सॉकेटे वाढली म्हणून वीज वाहून नेण्याची शक्ती वाढत नाही. दहा संगणकांची वीज शेवटी भिंतीतल्या त्याच एका सॉकेटातून आणि त्याच एका वायरीतून येत असते. ही एक गोष्ट नीट समजली, तर पुढचे सगळे आपोआप समजेल.

मशिदीच्या वजूखान्यात तुम्ही नळांची रांग पाहिली असेल. त्या सगळ्या नळांना पाणी एकाच पाइपातून येते. एक नळ उघडला तर धार जोरात पडते. सगळे नळ एकदम उघडले तर प्रत्येकाची धार बारीक होते. पाइप आपल्या मापापेक्षा जास्त पाणी देत नाही. तो गप्प राहतो आणि धार कमी करतो.

वीज मात्र अशी वागत नाही. एका वायरीवर दहा संगणक लावले, तरी प्रत्येक संगणक आपल्याला हवा तेवढा विद्युतप्रवाह ओढून घेतो. संगणक मंद होत नाहीत. पडदा अंधूक होत नाही. बाहेरून सगळे ठीक दिसते. पण भिंतीच्या आत ती एक वायर सगळ्यांचा भार सोसत असते आणि तापत असते. पाण्याचा पाइप आपली अडचण लगेच दाखवतो. विजेची वायर ती लपवते. म्हणूनच विजेच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबून चालत नाही, हिशेब करावा लागतो.

हा हिशेब अवघड नाही. त्यासाठी तीन शब्द माहीत हवेत. विजेच्या दाबाला विद्युतदाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरी आणि शाळेत येणाऱ्या विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. वायरीतून वाहणाऱ्या विजेला विद्युतप्रवाह म्हणतात. तो अँपिअरमध्ये मोजतात. एखादे उपकरण किती वेगाने वीज वापरते, ते वॅटमध्ये मोजतात. या तिघांचे नाते साधे आहे : व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. उलट, वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात.

आता भिंतीवरच्या सॉकेटाकडे पाहा. आपल्याकडे दोन आकारांची सॉकेटे असतात. लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे. जुन्या इमारतींत यांनाच ५ आणि १५ अँपिअरची सॉकेटे म्हणत. लहान सॉकेटातून जास्तीत जास्त ६ × २३० म्हणजे १३८० वॅट घेता येतात. मोठ्या सॉकेटातून १६ × २३० म्हणजे ३६८० वॅट घेता येतात. अर्थात, त्यांच्यामागची वायरही तेवढ्या भाराची असेल तरच. शिवाय तासन्‌तास चालणाऱ्या कामासाठी ही मर्यादा पूर्ण वापरू नये. शंभरातला ऐंशीचा हिस्सा वापरावा आणि वीस राखून ठेवावा, हे शहाणपणाचे.

आता आपल्या खोलीचा हिशेब करू. टेबलावरचा एक साधा संगणक आणि त्याचा सपाट पडदा मिळून साधारणपणे १०० ते २०० वॅट वीज घेतात. संगणकाच्या पेटीमागे ४५० वॅट असे छापलेले असले तरी घाबरू नका. तो आकडा आतला वीजपुरवठा जास्तीत जास्त किती देऊ शकतो, ते सांगतो. नेहमीच्या कामात तेवढी वीज लागत नाही. आपण सावधपणे प्रत्येक संगणकाचे २०० वॅट धरू. दहा संगणकांचे २००० वॅट झाले. त्याला २३० ने भागले, तर सुमारे ८.७ अँपिअर येतात.

म्हणजे उत्तर मिळाले. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटावर दहा संगणक चालवता येणार नाहीत. मध्ये कितीही चांगला एक्स्टेंशन बोर्ड लावला, तरी नाही. आणि अजून हिशेब संपलेला नाही. जुन्या खोलीत पंखे आणि दिवेही पुष्कळदा त्याच वायरीवर असतात. दोन पंख्यांचे १५० वॅट आणि चार ट्यूबलाइटांचे १६० वॅट मिळवा. बेरीज २३१० वॅट, म्हणजे सुमारे १० अँपिअर झाली.

जास्त प्रवाहाने वायर तापते, हे आपण म्हणालो. पण ती किती तापते? या प्रश्नाचे उत्तर जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधले. जूल यांचा जन्म १८१८ साली मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथे झाला. तारेतून वीज वाहताना किती उष्णता निर्माण होते, हे त्यांनी प्रयोग करून मोजले आणि १८४१ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो असा : प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते. दहावीच्या विज्ञानात तुम्ही हाच जूलचा नियम शिकता.

आता हा नियम आपल्या एक्स्टेंशन बोर्डाला लावून पाहा. त्यावर एकच संगणक असेल, तर त्याच्या वायरीतून ०.८७ अँपिअर प्रवाह वाहतो. दहा संगणक असतील, तर ८.७ अँपिअर वाहतो. प्रवाह दहापट झाला. मग उष्णता? दहा गुणिले दहा, म्हणजे शंभरपट! एका संगणकाने जी वायर थंडगार राहत होती, तीच आता शंभरपट उष्णता सोसते. वायरीवरचे प्लॅस्टिकचे आवरण मऊ होते, काही महिन्यांनी कडक होऊन तडकते. आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या की ठिणगी उडते. बातम्यांमध्ये ‘शॉर्टसर्किटने आग’ असे आपण ऐकतो, तिची सुरुवात पुष्कळदा अशीच होते.

तुम्ही म्हणाल, “सर, त्यासाठीच तर फ्यूज असतो. भार वाढला की वीज आपोआप बंद होईल.” हे बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. पूर्वी सगळीकडे तारेचे फ्यूज होते. आता त्यांच्या जागी एमसीबी नावाचे छोटे खटके आले आहेत. शॉर्टसर्किट झाले तर एमसीबी क्षणात पडतो. परंतु भार थोडासाच जास्त असेल तर तो वाट पाहतो. ६ अँपिअरच्या एमसीबीवर ८.७ अँपिअरचा भार आला, तर तो पडायला काही मिनिटे लागतील, कधी जवळजवळ एक तासही लागेल. तेवढ्यात एक तासिका संपून जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. समजा, सॉकेट ६ अँपिअरचे आहे. पण मुख्य बोर्डावरचा एमसीबी १६ अँपिअरचा आहे. त्या एमसीबीला ८.७ अँपिअर हा अगदी किरकोळ भार वाटतो. तो कधीच पडणार नाही. इकडे सॉकेट मात्र जळत राहील. म्हणून एमसीबी हा वायरीच्या आणि सॉकेटाच्या मापाचा असावा लागतो. वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचे औषध देणे होय. तो का पडतो, हे शोधले पाहिजे.

भाराइतकाच मोठा धोका सैल जोडाचा असतो. पिन सॉकेटात घट्ट बसली नाही, तर धातू धातूला नीट टेकत नाही. विजेला अगदी लहानशा जागेतून वाट काढावी लागते आणि तेवढीच जागा फार तापते. काही ठिकाणी पिन नसलेली वायर सॉकेटाच्या छिद्रांत घालून आगकाडी खोचून बसवतात. हा सैल जोडाचा सर्वांत वाईट प्रकार. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडले, की प्रत्येक ठिकाणी असा एक नवा जोड तयार होतो. विशेष म्हणजे सैल जोडाने प्रवाह वाढत नाही. त्यामुळे एमसीबी पडत नाही. हा धोका यंत्राला कळत नाही. तो माणसालाच ओळखावा लागतो. पिन हाताला गरम लागणे, सॉकेटाभोवती पिवळट किंवा तपकिरी डाग पडणे, चुरचुर असा आवाज येणे, प्लॅस्टिक जळल्याचा वास येणे, या त्याच्या खुणा आहेत.

आता तिसऱ्या धोक्याकडे वळू. हा धोका आगीचा नाही, विजेच्या धक्क्याचा आहे. संगणकाच्या पिनेला तीन दांडे असतात. त्यांतला वरचा दांडा इतर दोघांपेक्षा जाड आणि लांब असतो. तो अर्थिंगचा. तो लांब का, हे कधी मनात आले का? पिन खोचताना तो सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा, म्हणून तो लांब ठेवतात. म्हणजे संगणकाला वीज मिळण्यापूर्वी त्याचे संरक्षण सुरू होते.

अर्थिंगची तार संगणकाच्या धातूच्या पेटीला थेट जमिनीशी जोडते. आत काही बिघाड होऊन पेटीत वीज उतरली, तर ती या तारेने जमिनीत जाते. संगणकाच्या वीजपुरवठ्यात गाळणीसारखा एक भाग असतो. त्यातून अगदी थोडी वीज नेहमीच पेटीकडे झिरपते. अर्थिंग चांगले असेल तर ती कळतही नाही. अर्थिंग नसेल तर पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात. एकाच बोर्डावर दहा संगणक असले आणि त्या बोर्डाची अर्थिंगची तार तुटलेली असली, तर दहांची झिरपलेली वीज एकत्र होते. झिणझिण्यांचा मग जोरदार धक्का होऊ शकतो.

म्हणून दोन छिद्रांच्या सॉकेटात बसावी यासाठी तिसरा दांडा कापून टाकणे हा मोठा निष्काळजीपणा आहे. दोन पिनांचा जोड लावून संगणक चालवणेही तितकेच चुकीचे. संगणक त्यावर चालतो, हे खरे. पण त्याला हात लावणाऱ्या मुलाचे संरक्षण त्याच क्षणी संपते.

इथे एमसीबी मदतीला येईल का? नाही. शरीरातून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह गेला, तर जिवाला धोका होऊ शकतो. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या २०० पट. तेव्हा माणसाचा जीव जाईल एवढ्या प्रवाहाने एमसीबी हलतसुद्धा नाही. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे साधन असते. एका तारेने गेलेली वीज दुसऱ्या तारेने पूर्ण परत येते की नाही, हे ते सतत तपासते. ३० मिलिअँपिअर वीज मध्येच कुठे गळाली, तर ते डोळ्याची पापणी लवण्याच्या आत पुरवठा तोडते. संगणकाच्या खोलीत ते असलेच पाहिजे. पण ते अर्थिंगच्या ऐवजी नाही, अर्थिंगच्या सोबत.

एवढे धोके ऐकून संगणक बंदच ठेवावेत, असे समजू नका. थोड्या सॉकेटांच्या खोलीतही दहा संगणक सुरक्षितपणे चालवता येतात. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे भार वाटून देणे. मुख्य बोर्डापासून संगणकांसाठी दोन स्वतंत्र लाइनी टाकाव्यात. प्रत्येक लाइनीवर पाच संगणक, म्हणजे १००० वॅट, म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर येतील. प्रत्येक लाइनीला २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी असावा. भिंतीच्या कडेने टेबलांच्या उंचीवर प्रत्येक संगणकाला स्वतंत्र सॉकेट द्यावे. पंखे आणि दिवे जुन्याच लाइनीवर राहू द्यावेत. मग संगणकांची एक लाइन बंद पडली, तरी खोलीत अंधार होत नाही. दुसऱ्या लाइनीवरचे संगणकही चालू राहतात.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. वायर, सॉकेट आणि एमसीबी आयएसआय चिन्हाचेच घ्यावेत. शाळेच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. तो किलोवॅटमध्ये दिलेला असतो. आपले दहा संगणक म्हणजे २ किलोवॅट. मंजूर भार कमी असेल, तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा.

दुसरा मार्ग म्हणजे भारच कमी करणे. पूर्वीचे जाड काचेचे पडदे एकेकटे ८० ते १०० वॅट घेत. आताचे सपाट पडदे २० ते ३० वॅटमध्ये काम करतात. लॅपटॉप तर चार्ज होतानाही साधारण ६५ वॅट घेतो. दहा लॅपटॉपांचे ६५० वॅट होतात, म्हणजे ३ अँपिअरपेक्षाही कमी! जी जुनी वायर दहा मोठ्या संगणकांना पेलत नव्हती, ती चांगल्या स्थितीत असेल तर दहा लॅपटॉपांना पेलू शकते. नवे संगणक घेताना शाळेने किमतीबरोबर वॅटचाही विचार करावा.

तिसरा मार्ग तात्पुरता आहे. नवी वायरिंग होईपर्यंत एक्स्टेंशन बोर्ड वापरावा लागला, तर काही नियम पाळा. भिंतीतल्या एका सॉकेटावर एकच बोर्ड लावा. बोर्डावर दुसरा बोर्ड कधीही लावू नका. बोर्डावर किती अँपिअर लिहिले आहे ते वाचा आणि ६ अँपिअरच्या बोर्डावर चार-पाचपेक्षा जास्त संगणक लावू नका. अर्थात, त्या वायरीवरचे पंखे आणि दिवे हिशेबात धरूनच. बोर्डाची वायर गुंडाळलेली ठेवू नका, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. वायर सतरंजीखालून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नका. तिच्यावर टेबलाचा पाय येऊ देऊ नका. दहा संगणक नसतील चालत, तर पाचच चालवा आणि एका संगणकावर दोघे बसा. शेजारी बसून शिकण्यात कमीपणा नाही.

काही उपकरणांना मात्र संगणकांच्या बोर्डावर जागा देऊ नये. लेझर प्रिंटर छपाई करताना आतला भाग तापवतो. तेवढ्या वेळात तो कित्येक संगणकांइतकी वीज ओढतो. पाणी तापवण्याची किटली आणि इस्त्री यांचेही तसेच. त्यांना वेगळे मोठे सॉकेट हवे. वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणाऱ्या यूपीएसवरही लेझर प्रिंटर लावू नये. लहान यूपीएस हा एका संगणकाला काम जतन करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. त्याच्यावर पाच संगणक लादणे योग्य नाही.

वीज गेली, की सर्व संगणकांची बटणे बंद करा. वीज परत आल्यावर दोन मिनिटे थांबा आणि मग एकेक करून चालू करा. सगळे संगणक एकदम चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्रवाह ओढला जातो. रांगेने गेले तर दाराशी गर्दी होत नाही, तसेच हे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम कोणते, ते ऐका. सॉकेट उघडणे, वायर जोडणे, एमसीबी बदलणे हे तुमचे काम नाही. ते वायरमनचे काम आहे. तुमचे काम पाहण्याचे, मोजण्याचे आणि सांगण्याचे आहे. बसण्यापूर्वी वायर कुठे सोललेली तर नाही ना, पिन सैल तर नाही ना, ते पाहा. ओल्या हाताने पिनेला हात लावू नका. पावसाळ्यात भिंत ओलसर असेल तर त्या भिंतीवरचे सॉकेट वापरू नका. पिन काढताना वायर ओढू नका. आधी बटण बंद करा, मग पिन धरून काढा. जळका वास आला किंवा झिणझिण्या आल्या, तर लगेच शिक्षकांना सांगा. “सर ओरडतील” किंवा “मुले हसतील” या भीतीने गप्प बसू नका.

एवढे करूनही अपघात झालाच, तर घाबरून धावपळ करू नका. विजेच्या आगीवर पाणी कधीही टाकू नका. पाण्यातून वीज तुमच्यापर्यंत येऊ शकते. शक्य असेल तर मोठ्यांनी मेन स्विच बंद करावा आणि विजेच्या आगीसाठी असलेले कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे. तुम्ही सर्वांनी खोलीबाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल, तर त्याला हाताने ओढू नका. आधी वीज बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरीपासून दूर करा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

उर्दूत आपण ज्याला ‘एहतियात’ म्हणतो, त्याला मराठीत ‘खबरदारी’ म्हणतात. हा शब्द फारसीतूनच मराठीत आला आहे. खबरदार म्हणजे ज्याला खबर आहे तो. आपल्या खोलीत किती संगणक आहेत, ते किती अँपिअर ओढतात आणि भिंतीतली वायर किती सोसू शकते, याची ज्याला खबर आहे, तोच खरा खबरदार. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी हिशेब करा. हिशेबाला पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांत एका वर्गातल्या सगळ्या मुलांची सुरक्षितता असते.

शब्दार्थ

ध्वनिक्षेपक – लाउडस्पीकर
उपकरण – साधन, यंत्र
भार – ओझे, बोझ
विसंबणे – भरवसा ठेवणे
निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले उत्तर, नतीजा
आवरण – वरचे वेष्टन, गिलाफ
पहारेकरी – राखण करणारा, चौकीदार
निष्काळजीपणा – बेपर्वाई
झिरपणे – हळूहळू बाहेर येणे, रिसणे
तात्पुरता – थोड्या काळापुरता, आरजी

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पिनेचा अर्थिंगचा दांडा इतर दोघांपेक्षा लांब का असतो?
(आ) सैल जोड असताना एमसीबी का पडत नाही?
(इ) विजेच्या आगीवर पाणी का टाकू नये?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाण्याचा पाइप आणि विजेची वायर यांच्या वागण्यात लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
(आ) ‘एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही’ हे विधान स्पष्ट करा.

३. कारणे लिहा.
(अ) एक्स्टेंशन बोर्डाची वायर गुंडाळलेली ठेवू नये.
(आ) फ्यूजमध्ये जाड तार घालू नये.

४. हिशेब करा.
एका खोलीत १६० वॅटचे सहा संगणक आणि ७५ वॅटचे दोन पंखे एकाच वायरीवर आहेत. एकूण वॅट आणि अँपिअर काढा. ६ अँपिअरच्या सॉकेटातून शंभरातला ऐंशीचा हिस्साच घ्यायचा असेल, तर हा भार चालेल का?

५. उपक्रम
तुमच्या घरी किती एक्स्टेंशन बोर्ड आहेत, त्यांवर कोणती उपकरणे लावली आहेत आणि त्यांचे एकूण वॅट किती होतात, याचा तक्ता तयार करा. तो घरातल्या मोठ्या माणसांना मराठीत वाचून दाखवा आणि उर्दूत समजावून सांगा.